पोच कोण देतंय

त्या दुपारी मी खरं तर धुतलेली दुपटी घेऊन वॉर्डात चालले होते. एका हातात दुपट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात लॅपटॉप आणि फोन खांद्यात आणि हनुवटीत दाबलेला. आई आणि नोकरदार बाई एकाच अंगात राहायला लागल्या की हे असं होतं, दोघींपैकी एकीचंही धड चालत नाही. बाहेर धुकं होतं. सकाळच्या धुक्याला निदान विरायची घाई तरी असते. हे दुपारचं धुकं खिडक्यांना गाल लावून बसलं होतं, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

दिवा राहू दे, विझवू नका. सांगते.

मी त्या रुग्णालयाचे फाइल सर्व्हर सांभाळते. म्हणजे नक्की काय करतेस, असं सासूबाई अजून विचारतात. मी त्यांना सांगते, एक मोठं कपाट आहे, सगळेजण आपापलं त्यात ठेवतात, आणि कपाट कुरकुरलं की मला हाक मारतात. तान्ह्या बाळांच्या वॉर्डात प्रत्येक बाळाच्या पोटाभोवती एक मऊ पट्टा असतो. बाळाच्या श्वासाची लाट त्या पट्ट्यातून निघते आणि माझ्या कपाटात लिहिली जाते. सिस्टरच्या टेबलावरची मोठी स्क्रीन तिथूनच वाचून ती लाट काढते, आणि श्वास थांबला तर अलार्मही तिथूनच वाजतो.

त्या वॉर्डात, खांबाजवळच्या पाळण्यात, माझी मुलगी होती.

तिला आम्ही मुंगी म्हणतो. जन्मली त्या दिवशी तिने तिच्या बाबाचं बोट पकडलं ते सोडेचना, तेव्हा तोच म्हणाला, ही तर मुंगी आहे, चिकटली की सुटत नाही. एका सकाळी घरी, गादीवर ऊन पडलेलं असताना, झोपेत तिचा श्वास थांबला. मी पाहिलं. म्हणजे, पाहिलं असं मला वाटतं. आता बघा, हे 'वाटतं' माझ्या प्रत्येक वाक्याला शेपटीसारखं लागलेलं असतं. मी तिला उचललं, हलवलं, आणि तिने मोठा श्वास घेऊन माझ्याकडे असं पाहिलं की उगाच का उठवलंस.

वॉर्डात आणल्यापासून मात्र तिचा श्वास एकदाही थांबला नव्हता. लाट अगदी स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजची दुपार अशीच गेली की संध्याकाळी घरी जा. पहिल्या बाळाला असं होतं. बाळाला नाही, आईला." नवरा म्हणाला, "तुला वाटलं असेल गं." तो हे इतक्या मायेने म्हणाला की भांडायलाही जागा राहिली नाही. आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. मी चुकलेली असावी आणि आम्ही घरी जावं. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतः चूक ठरण्यासाठी देवाला विनवत होते. एरवी ते न मागताच मिळतं.

"आलीस का?" मोठ्या सिस्टर टेबलामागून म्हणाल्या. "दुपटी ठेव तिकडे. आधी हा पडदा बघ बाई, पुन्हा अडकतोय." त्या स्क्रीनला पडदाच म्हणतात. "चालता चालता थांबतो, मग धाप लागल्यासारखा पळतो. एखाद्या दिवशी अलार्म उशिरा वाजला म्हणजे? पोरं काय पडद्यासाठी थांबणार आहेत?"

वॉर्डातले पडदे, म्हणजे खरे कापडाचे पडदे, ओढलेले होते. उजेड साय धरलेल्या दुधासारखा झाला होता. सगळी बाळं झोपलेली. मुंगी पालथ्या मुठी डोक्याशी घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून झोपली होती. मी तिच्या पाळण्याशी स्टूल ओढलं आणि लॅपटॉप मांडीवर उघडला.

कपाटातून वाचायला वेळ लागत नव्हता. लिहायला लागत होता. डिस्क तर चक्क रिकाम्या बसल्या होत्या. खुद्द सर्व्हरवर लिहून पाहिलं, ते झटक्यात झालं. वॉर्डाची केबल बदलली, ती सर्व्हरला जोडायची जागा बदलली. काही फरक नाही. संशयितांना मी एकेक करून घरी पाठवत गेले, आणि शेवटी खोलीत कुणीच उरलं नाही. मग लक्षात आलं, सगळ्यांचं लिहिणं अडत नाहीये. एकाच पाळण्याचं अडतंय. खांबाजवळच्या.

मी त्या अडण्याकडे नुसती बघत बसले. मुंगीच्या श्वासाचा तुकडा निघे, कपाटाच्या दाराशी थांबे. थांबे. मग आत जाई, आणि पट्ट्याच्या डबीवरचा हिरवा ठिपका लुकलुके. पुन्हा थोडा वेळ सरळ. पुन्हा थांबे. त्या ठिपक्याला एक लय होती. दोन संथ, एक हलका. दोन संथ, एक हलका. कुठे तरी ओळखीची लय... माझा हात केव्हा गादीच्या काठावर गेला आणि तीच लय धरू लागला, मला कळलंच नाही. दोन संथ, एक हलका.

कुणीतरी बाळाला थोपटतं, तशी.

पण मी अशी थोपटत नाही. मी भराभर थोपटते, घाबरलेली माणसं थोपटतात तशी. हा हात निवांत होता. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

मी हात मागे घेतला, लिहिण्याच्या सेटिंग उघडून पाहिल्या आणि मास्तरांना फोन केला. मास्तर म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने. 'सर्व्हर हळू आहे' एवढं सांगितलं तरी फळ्यावर चित्र काढायला उठतात, म्हणून मास्तर.

"मास्तर, लिहिताना दुसऱ्या प्रतीची पोच मागितली जातेय. अजून."

"कुठल्या दुसऱ्या प्रतीची?"

हे तुम्हाला सांगायला हवं. पूर्वी आमची दोन कपाटं होती, एक या इमारतीत आणि एक काचेच्या पुलापलीकडच्या जुन्या इमारतीत. इथे काहीही लिहिलं की ते आधी तिकडे जायचं, तिकडून 'मिळालं' अशी पोच यायची, आणि मगच ते लिहिलं गेलं असं धरायचं. इथे आग लागली तरी तिकडे प्रत शाबूत. पोच आली नाही तर लिहिणंच बंद, असा कडक कारभार. जुनी इमारत रिकामी केली तेव्हा तिकडची मशीन काढून नेली. पोच मागायची सेटिंग मात्र तशीच राहिली. आमच्या धंद्यात ज्याची तक्रार नाही त्याला कुणी हात लावत नाही. आणि तक्रार आलीच नव्हती.

"ती मशीन तर केव्हाच भंगारात गेली," मास्तर म्हणाले. "मी स्वतः गाडीत चढवली."

"मग पोच कोण देतंय?"

मग ते म्हणाले, "तू जेवलीस का?"

"मास्तर..."

"नाही, तुझी पोर तिथे आहे, झोप नाही... हे बघ, पलीकडे कुणी नसेल तर लिहिणं बंद पडेल. हळू नाही होणार."

"तेच म्हणतेय मी. बंद नाही पडलेलं. इतके दिवस झटकन पोच येत होती. आता हळू येतेय. फक्त मुंगीची."

"...तिकडची जुनी केबल कुठे जातेय ते बघून ये," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि नुसतं बघ. हात लावू नकोस."

मी सिस्टरना म्हटलं, मुंगीकडे लक्ष ठेवा, मी पटकन आले.

"जा गं. ती काय उठतेय आता?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथली पोरं दुपारची उठत नाहीत. तिकडे जुन्या इमारतीत वॉर्ड होता ना, तिथेही असंच. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, ह्या बायका पोरांना गुपचूप औषध पाजतात की काय. मग मीच ड्यूटीला लागले. कसलं औषध नि काय! आपोआप झोपतात. आपल्याला काय, बरंच आहे."

काचेच्या पुलावरून जाताना खाली जमीन असेल अशी नुसती आठवण होती. दोन्ही बाजूंना पांढरं. मी चालत होते, पण पूलच मागे सरकतोय आणि मी जागच्या जागी पाय हलवतेय असं वाटत होतं. परत वळावं असं मनात आलं नाही. काहीच मनात येत नव्हतं. अंगाईच्या शेवटी बाळाचे डोळे होतात तसं माझं मन झालं होतं.

जुन्या इमारतीत कुठेही सामान नव्हतं. टोकाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत भिंतीवर एक उभा फिकट चौकोन होता, जिथे कपाट उभं असायचं. त्याच्या मधोमध आमची केबल भिंतीतून बाहेर आली होती आणि तिचं टोक मोकळं लोंबत होतं. कशालाच न जोडलेलं.

खोली बंद असायची, तरी धुळीचा वास नव्हता. वास होता तो उबदार कापडाचा. आणि त्याखाली दुसरा एक, बाळाच्या मानेच्या वळीत दूध ओघळून राहतं ना, तो. इतका ताजा की मला पान्हा फुटेल असं वाटलं.

हात लावू नकोस म्हणाले होते. मी लावला. केबलचं टोक कोमट होतं, आणि किंचित ओलसर. नुकतंच कुणाच्या तरी तोंडातून काढलेल्या बोटासारखं.

तेव्हा मला ऐकू आलं. म्हणजे ते आधीपासूनच होतं, मला आता ऐकू आलं. अगदी खालून, जमिनीलगत बसून कुणी नाकातल्या नाकात म्हणावं तसं, "अं... अं... अं..." आणि त्यासोबत हवेतच, मऊ गादीवर पडावी तशी थाप. दोन संथ, एक हलकी.

"कुणी... आहे का?" मी विचारलं. माझ्याच आवाजाची मला लाज वाटली.

ते थांबलं.

आवाज थांबला, थाप थांबली. आणि माझ्या हातातला फोन वाजला.

"बाई, कुठे आहेस?" सिस्टरचा आवाज चिरका झाला होता. "तुझ्या पोरीची लाट साफ थांबलीये... पडदा अडकलाय का काय कळत नाही... मी तिच्याकडे जातेय, तू..."

काय झालं ते मला कळलं नाही, पण काय केलं ते कळलं. मी कुणाचं तरी लक्ष वेधलं होतं. पाळण्यावरून त्याचं लक्ष काढून माझ्याकडे वळवलं होतं. मी त्या रिकाम्या चौकोनासमोर खाली बसले.

"थांबू नका," मी म्हणाले. "माझं चुकलं... चालू द्या. चालू द्या ना..."

माझ्या कानशिलाशी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत घेतल्यासारखं झालं. मग खालून, सावकाश, "अं... अं..."

"चालू झाली गं लाट!" फोनमधून सिस्टर म्हणाल्या. "काय केलंस?"

"काही नाही," मी म्हटलं. "आले."

परत आले तेव्हा मुंगी तशीच झोपली होती. ओठांना थोडा निळसर रंग होता, किंवा उजेडच तसा असेल. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि नजर स्क्रीनवर. हे मी आधीच करायला हवं होतं, पण इतके दिवस माझा हात तरी तिच्यावर असायचा नाहीतर डोळे तरी स्क्रीनवर. दोन्ही एकदम कधीच नव्हतं.

लाट चालता चालता अडकली. सिस्टर म्हणायच्या तशीच. आणि माझ्या तळव्याखालचं पोट वर आलंच नाही.

नाही आलं.

मी तिला उचलणार, तेवढ्यात माझ्या हाताला एक थाप जाणवली. माझ्या हातावर नव्हे. हात आणि पोट यांच्या मधे, जिथे कापडाशिवाय कशालाच जागा नव्हती. एक संथ. दुसरी संथ. एक हलकी. पोट वर आलं. हिरवा ठिपका लुकलुकला, तुकडा आत गेला, आणि स्क्रीनवरची लाट धावत येऊन मागच्या लाटेला अशी जुळली की जोड कुठे दिसेना.

म्हणून लाट स्वच्छ होती. म्हणून अलार्म कधी वाजला नव्हता. तिचा श्वास थांबला की कुणीतरी तो तुकडा अडवून धरत होतं, तिला थोपटून परत आणत होतं, आणि ती परत आली की मगच 'मिळालं' म्हणत होतं. माझं कपाट हळू नव्हतं. ते कुणाच्या तरी काळजीसाठी थांबत होतं.

हे लोभाने म्हणा, मायेने म्हणा, मला ठाऊक नाही. मी त्या खोलीत बसले होते तेव्हा माया वाटली होती. पुलावरून परत येताना लोभ वाटला.

आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. स्क्रीन मागे-पुढे करून पाहिली. "अगदी स्वच्छ. काय म्हणत होते मी? चल, आवर सामान. बाबाला फोन कर."

एवढंच तर मला हवं होतं. पण घरी पट्टा नव्हता, केबल नव्हती. तिकडे तिला कोण थोपटणार होतं? हे स्वच्छ चित्र खरं धरलं तर तिला औषध कोण देणार होतं?

"डॉक्टर, एक सेटिंग बदलते. मग परत बघाल का?"

"परत काय बघायचं? हे बघ, तू दमली आहेस. घरी जाऊन एक झोप काढ, सगळं..."

"मला वाटतंय," मी म्हटलं, आणि थांबले. "नाही. वाटत नाहीये. तिचा श्वास थांबतो. मी आता हात ठेवून पाहिलंय. थोडं थांबा."

पोच मागायची सेटिंग बंद करायला एक ओळ पुरते. ती लिहून बोट एंटरच्या बटणावर धरलं आणि दाबता येईना. त्या हाताने रागावून सोडलं तर? तिचा श्वास मधेच अडकलेला असताना सोडलं तर? मी पाळण्यावर वाकून, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. "पुष्कळ केलंत... आता मी आहे. द्या तिला."

आणि दाबलं.

आधी खिडकीजवळचं बाळ रडलं. मग त्याच्या शेजारचं. मग एकेक करून सगळा वॉर्ड, आणि दुपारी कधीच न उठणारी ती पोरं, सगळी एकाच दिशेला माना वळवून रडू लागली. पुलाच्या दिशेला. मोठ्या सिस्टर उभ्याच राहिल्या, हातात बाटली तशीच. "अगो बाई... ह्यांना काय झालं?"

मुंगी रडली नाही. ती झोपलीच होती. तिची लाट आता कुठेही न अडखळता धावत होती, आणि त्या धावत्या लाटेची एकदम सरळ रेघ झाली.

अलार्म वाजला. त्याच क्षणी.

मी तिला थोपटलं. भराभर नाही. दोन संथ, एक हलकी. दोन संथ, एक हलकी. हे मी कुणाकडून शिकले ते माझ्या हाताला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला सारलं, नाकाशी नळी आली, आणि मुंगीने तो मोठा, रागावलेला श्वास घेतला.

नंतर डॉक्टरीणबाई हात धुताना आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्हाला वाटलं नव्हतं." तेवढंच. पहिल्यांदाच त्यांनी मला अहोजाहो केलं. आमचं घरी जाणं लांबलं. दुखणं सापडलं, औषध लागू पडलं, आणि पुढे खूप दिवस, पोच न मागणाऱ्या सर्व्हरवरसुद्धा, तिची लाट स्वच्छ राहिली. आता ती घरी आहे. रांगते, भिंती चाटते. तिचा बाबा मला 'तुला वाटलं असेल' असं म्हणत नाही. मी कधी कधी वाट बघते, म्हणेल म्हणून.

हे इथेच संपायला हवं होतं. पोच मागणं बंद केलं की वाट बघणाऱ्या तुकड्यांची रांग रिकामी होते. आमची झाली. एक सोडून. त्या दुपारचा, खांबाजवळच्या पाळण्याचा एक तुकडा तिकडे गेला आहे आणि त्याची पोच आलेली नाही. मुंगीचा एक श्वास.

मास्तर म्हणाले, "चिकटलाय नुसता. सर्व्हर रीस्टार्ट केला की जाईल."

"कुठे जाईल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फळ्याकडे न वळता निघून गेले. तेव्हापासून सर्व्हर रीस्टार्ट करायची वेळ आली की मी काहीतरी कारण काढते. रोज सकाळी कामावर आले की आधी तो एक तुकडा बघते. त्याच्यापुढे किती वेळ वाट पाहिली ते लिहिलेलं असतं; पोच आली की तिथे शून्य होतं. तो आकडा रोज वाढतो, वाढणारच, घड्याळ काय उलटं चालतं? मला त्याची सवय झाली होती. चहाच्या कपासारखी.

म्हणून मी आज इतकी बोलतेय. काल सकाळी पाहिलं तेव्हा तो आकडा परवापेक्षा लहान होता. मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. आज पुन्हा पाहिलं.

आज तो आणखी लहान झालाय.